सातजणांचा चौकोन

माझी बायको अर्डिस गेली तो गुरुवार होता, म्हणजे आमच्या नाचाच्या वर्गाचा दिवस. मी गावातल्या लीजन हॉलवर पोचलो तेव्हा सगळे बाहेर पायऱ्यांवर उभे होते. आत दिवे लागलेले, बाहेर वारा सुटलेला, आणि ही माणसे थंडीत का उभी आहेत ते मला कळेना. मी गाडीतून उतरलो तसे सगळ्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिले आणि माना खाली घातल्या. निळ्या कापडावर पांढरे ठिपके असलेला तो शर्ट होता. त्याच कापडाचा अर्डिसचा घागरा होता. तो घागरा त्यांनी नुकताच अँब्युलन्समध्ये जाताना पाहिला होता, हे मला त्या वेळी माहीत नव्हते.

वॅनिटा पुढे आली. ती अर्डिसची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या तोंडाला कधी कुलूप नसते, पण तेव्हा ती नुसती म्हणाली, "लोवेल, हात दे." मी दिला. तिने दुसराही हात धरला आणि मग सांगितले.

हॉलची किल्ली आमच्याकडे असायची आणि अर्डिस नेहमी आधी येऊन कॉफी ठेवायची. मी शेजाऱ्याचे यंत्र दुरुस्त करून, घरी आंघोळ करून मागून येणार होतो. मी जन्मभर शेतातली ती गोल फिरणारी पाण्याची लांबलचक यंत्रे दुरुस्त केली. रिटायर झालो तरी लोक बोलावतात. त्या दिवशीही बोलावले होते.

मी आत गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. कॉफीचे मोठे भांडे चालू होते. कप मांडायला घेतलेले होते, थोडे टेबलावर, थोडे अजून पेटीत. मी भांड्याचे बटण बंद केले. मग डेलमरने मला त्याच्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेले. तिथे करण्यासारखे काही नव्हते. डॉक्टर म्हणाला, जमिनीवर पडण्याआधीच हृदय थांबले होते.

दफनाच्या दिवशी आमच्या नाचाच्या क्लबची सगळी माणसे नाचाच्या कपड्यांत आली. बायका फुगीर घागऱ्यांत, पुरुष त्याच रंगाच्या शर्टांत. पास्टर नवीन होता, तो जरा बिचकला. पण आमच्याकडे नाचणारा माणूस गेला की असेच जायचे असते. अर्डिसला निळ्या घागऱ्यातच पुरले. शर्ट माझ्याकडे राहिला.

नंतर पंधरा दिवस लोकांनी जेवण आणून दिले. बटाट्याचे, नूडल्सचे, हॅमचे. वर्गातल्या स्वोबोदा बहीण-भावाने कोलाच्यांचे, म्हणजे जॅम भरलेल्या गोड पावांचे, दोन डबे आणले. डबे रिकामे झाले, ते धुऊन ठेवले, आणि मग कुणी येईना. तेव्हा डेलमर आला.

डेलमर आमचा पुकारणारा. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात, तो माईकवरून एकेक चाल पुकारतो, आणि आठजणांनी मिळून ती करायची. पुढे काय पुकारणार ते फक्त त्याला माहीत. आठातला एक चुकला की चौकोन मोडतो आणि सगळ्यांना थांबावे लागते. आम्ही नवशिक्यांचा वर्ग केव्हाच पुरा केला होता. आता त्याच्या पुढचा, प्लसचा वर्ग चालू होता. त्यात नेमके आठजण होतो.

स्वयंपाकघरात बसून डेलमरने कॉफीचा घोट घेतला.

"ही काय ट्रॅक्टरमध्ये घालायची का रे?"

"अर्डिस करायची कॉफी."

"हां," तो म्हणाला आणि कप पूर्ण प्यायला. मग म्हणाला, "सात उरलात."

"माहीत आहे."

"जुने नाचणारे सगळे अ‍ॅरिझोनाला गेले उन्हं खायला. एप्रिलपर्यंत उसना माणूस मिळायचा नाही. तू आला नाहीस तर सहा. सहांचं काहीच होत नाही."

"मग बंद कर वर्ग."

"करतो. पण वॅनिटाला तू सांग."

"मी का सांगू?"

"मला अजून जगायचंय."

मला हसू आले. दफनानंतर पहिल्यांदा. मी विचारले, "मी येऊन नाचू कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही. तिची जागा मोकळी सोडायची. ट्रेंटची मारिसोल बाळंत झाली तेव्हा नाही का आपण केलं? तिथं माणूस आहे असं धरून हात पुढं करायचा, वळवायचं, सोडायचं. बाकीचे ती जागा सांभाळतील." तो उठला. "ऑरिनचा विचार कर. त्याचा एक कान गेलाय, दुसऱ्याचं डॉक्टर म्हणतो, एक हिवाळा, फार तर दोन. त्याला हे या वर्षी पुरं करायचंय. पुढच्या वर्षी माझं पुकारणं त्याला ऐकू येईल की नाही, कोण सांगतो?"

ऑरिन म्हणजे वॅनिटाचा नवरा. मी म्हटले, येतो.

गेलो. ठिपक्यांचा शर्ट घातला नाही, साधा घातला. आमच्या डावीकडे ऑरिन आणि वॅनिटा, समोर ट्रेंट आणि मारिसोल, उजवीकडे स्वोबोदा बहीण-भाऊ. माझ्या उजव्या हाताला, जिथे अर्डिस उभी राहायची, तिथे फरशी. डेलमरने रेकॉर्ड लावली आणि पहिल्याच चालीत मी चुकलो.

त्याने पुन्हा सुरू केले. मी पुन्हा चुकलो. प्लसचे सोडा, दोन वर्षांपूर्वी नवशिक्यांच्या वर्गात शिकलेल्या चालीसुद्धा मला येईनात. पुकार ऐकू यायचा, शब्द ओळखीचा वाटायचा, आणि पाय जागचे हलायचे नाहीत. उरलेले सहाजण रिकामी जागा नीट सांभाळत होते. जिथे माणूस होता तिथेच गोंधळ होत होता.

"मला एका कानानं ऐकू येत नाही," ऑरिन म्हणाला, "तुला काय दोन्हींनी?"

"गप रे," वॅनिटा म्हणाली.

डेलमरने माईक खाली ठेवला. त्याला खरेच नवल वाटले होते. "लोवेल, तुमची जोडी तर वर्गात पहिली होती. तू कधी चुकलेला मला आठवत नाही."

मलाही आठवत नव्हते. मी गाडीत येऊन बसलो. वॅनिटा मागून आली आणि खिडकीशी उभी राहिली.

"तुला खरंच माहीत नाही?" तिने विचारले.

"काय?"

"ती तुला चालवायची. हातानं. उजवीकडे जायचं की दाबायची, मागं यायचं की बोटं ओढायची. हात सुटलेला असला तर हनुवटीनं दाखवायची. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तुला सोडून."

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिले. तिने हात दाबला की मला वाटायचे, ती खूश आहे. मीही दाबायचो. आणि नाचताना चौकोनात कुठेही असलो तरी मी अर्डिसकडेच बघायचो. पन्नास वर्षांच्या संसारानंतरही मी बायकोकडे एवढा बघतो याचा मला जरा अभिमानच होता. खरे तर मी तिच्या तोंडावर माझा रस्ता बघत होतो.

"म्हणजे मला नाचता येतच नाही."

"तालात चालता येतं," वॅनिटा म्हणाली. "तेही सगळ्यांना जमत नाही. ऑरिनला बघ."

घरी आलो. पुढच्या गुरुवारी जायचे नाही असे ठरवले, आणि मग ऑरिनचा कान आठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या फळीवरून अर्डिसच्या मीठ-मिरीच्या कुप्या खाली काढल्या. तिला त्यांचा नाद होता. जिथे जाऊ तिथून एक जोडी आणायची. मक्याची दोन कणसे, दोन बूट, पवनचक्की आणि पाण्याची टाकी, कोंबडा आणि कोंबडी. मीठ पुरुष, मिरी बायका. चार जोड्या टेबलावर चौकोनात मांडल्या. कोंबडा मी झालो. कोंबडी मी परत फळीवर ठेवली.

डेलमरने चालींची रेकॉर्डिंग दिली होती. ती लावायची आणि कुप्या सरकवायच्या. मी चाली पाठ करायला लागलो. कोंबडा इथून निघतो, मक्याला हात देतो, बुटाच्या मागून जातो. ख्रिसमसपर्यंत मला पुष्कळ चाली पाठ झाल्या. वर्गात चुका कमी झाल्या. पण डेलमर एखादी चाल नेहमीच्या जागेऐवजी दुसऱ्या जागेवरून पुकारायचा आणि मी पुन्हा फरशीत रुतायचो.

एकदा तो घरी आला आणि टेबलावरच्या कुप्या बघत उभा राहिला.

"हे चूक करतोयस," तो म्हणाला.

"चाल बरोबर आहे. तपासून बघ."

"चाल बरोबर आहे, पण तू एकट्या कोंबड्याला चालवतोस. बाकीच्यांना त्याच्या वाटेतून बाजूला करतोस, बस. नवशिका असंच शिकतो, मी कुठं जायचं तेवढंच. प्लसमध्ये ते पुरत नाही. तुझ्या यंत्राचं काय असतं? एक चाक मागं पडलं तर?"

"सगळं यंत्र थांबतं."

"मग? तू एकाच चाकाचं यंत्र कधी दुरुस्त केलंस?"

यंत्र दुरुस्त करताना मी बंद पडलेल्या चाकापासून कधीच सुरुवात केली नाही. आधी त्याच्या शेजारचे चाक बघायचे.

"पुढच्या गुरुवारपासून तू तिच्या जागेवर उभा राहा," डेलमर म्हणाला.

"बाईच्या?"

"अर्डिसच्या. तुझी जागा मोकळी सोडू. त्या बाजूनं चाल कशी दिसते ते बघ. मग तुझी तुला कळेल."

तो गेल्यावर मी कोंबडी खाली काढली आणि कोंबडा फळीवर ठेवला.

गुरुवारी मी तिच्या जागेवर उभा राहिलो तेव्हा ऑरिनने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "आता तुला काय म्हणायचं? ताई?"

"म्हणून बघ एकदा."

"घागरा नाही आणलास?"

"तुला मापाचा मिळाला तर सांग, दोघं घालू."

स्वोबोदांचा भाऊ लाजाळू आहे. माझा हात धरायची वेळ आली की तो छताकडे बघायचा. मारिसोल हसून हसून खाली बसली आणि डेलमरला रेकॉर्ड थांबवावी लागली. अर्डिस गेल्यानंतर त्या हॉलमध्ये असे हसणे पहिल्यांदा झाले. मला बरे वाटले.

मग नाचायला लागलो. तिच्या जागेवरून सगळे वेगळे होते. वॅनिटा आता लांब होती आणि स्वोबोदा जवळ. ज्या चालीत मी नुसता दोन पावले पुढे जायचो त्याच चालीत तिला चौकोनाच्या पलीकडे जाऊन यावे लागायचे. आणि डाव्या हाताला रिकामी जागा होती, ती माझी. जानेवारीत एकदा ही बाजू नीट जमायला लागल्यावर मी एक करून बघितले. माझी चाल करता करता डाव्या हाताने त्या रिकाम्या जागेलाही चालवायचे. मी ज्या बाजूला गेलो असतो त्या बाजूला दाबायचे, मागे ओढायचे, सोडायचे, आणि हे सगळे वेळेवर.

जमेना. पुकार एकच, ताल एकच. रिकाम्या जागेला सांगेपर्यंत माझे पाऊल चुकायचे. माझे पाऊल टाकले की तिकडे सांगायचे राहायचे. हे करायचे तर पुकाराच्या आधी, डेलमर श्वास घेतो त्या वेळात, पुढे काय येणार ते ओळखावे लागत होते. अर्डिस दोन माणसांचा नाच नाचत होती. आणि नाचताना हसत असायची. गप्पासुद्धा मारायची.

त्या महिन्यात वॅनिटाने एकदा मला जेवायला बोलावले. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल केले होते. ऑरिन कानातले यंत्र काढून टीव्ही बघत बसला होता. मी तिला डाव्या हाताचे सगळे सांगितले.

"मी तिला एकदा म्हटलं होतं," वॅनिटा म्हणाली. "म्हटलं, अगं, सोड त्याचा हात. दोनदा आपटू दे, आपोआप शिकेल."

"मग?"

"म्हणाली, शिकला तर माझ्याकडे बघायचा बंद होईल."

मी रोल खाली ठेवला. वॅनिटा उठून भांडी घासायला लागली, ती घासलेलीच होती. जरा वेळाने तिने विचारले, "अजून चिली वाढू?" मी म्हटले, वाढ.

मार्चमध्ये नदीवर क्रौंच उतरले आणि डेलमरने टीकप चेन शिकवायला घेतली.

ही चाल अर्डिसने काही वर्षांपूर्वी कर्नी गावच्या नाचाच्या मेळाव्यात खुर्चीत बसून पाहिली होती. या चालीत पुरुष आपल्या जागेवरून हलत नाहीत. चारही बायका फिरतात, दोघी मधून, दोघी बाहेरून, आणि प्रत्येक पुरुषाकडे येतात. तो एकीला डाव्या दंडाने फिरवून पुढे पाठवतो, दुसरीला उजव्या. सगळ्या घागऱ्यांचे रंग एकमेकांतून जातात, आणि शेवटी ज्याची त्याची बाई त्याच्याकडे परत येते. अर्डिस त्या दिवशी घरी येताना गाडीत म्हणाली होती, "मला ते करायचंय." मी म्हटले होते, "पुरुषाला तर नुसतं उभं राहायचंय." ती म्हणाली होती, "म्हणूनच तुला जमेल." प्लसच्या वर्गाला आम्ही त्याच एका चालीसाठी गेलो. वर्ग तिथपर्यंत पोचण्याआधी ती गेली.

मी डेलमरला म्हटले, "ही मला तिच्या जागेवरून शिकव."

"ही नाही शिकवता येणार."

"का? बाकीच्या शिकवल्यास."

"बाकीच्यांत जागा मोकळी सोडली तरी भागतं. यात बाई मधून जोरात येते आणि पुरुषाचा दंड धरून फिरते. तू बाईच्या जागेवर गेलास की एक पुरुष कमी. त्या कोपऱ्यात चौघी कशाला धरून फिरणार? हवेला? मारिसोल भिंतीवर जाईल. पुरुषानं हवा फिरवली तर चालतं. बाईला खरा हात लागतो. याला आठजण पाहिजेत."

तेव्हा मी माझ्या जागेवर परत आलो आणि उभा राहिलो. वॅनिटा आली, तिला फिरवून पाठवले. मारिसोल आली, तिला पाठवले. स्वोबोदांची बहीण आली, तिला पाठवले. मग शेवटी अर्डिस यायची वेळ आली तेव्हा मी दंड पुढे केला आणि हवा फिरवली. डेलमरने शिकवल्याप्रमाणे, पूर्ण तालावर. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच केले, आणि त्याच्या पुढच्याही.

एप्रिलमध्ये जुने नाचणारे अ‍ॅरिझोनाहून परत आले, भाजून तांबडे झालेले. आमच्या क्लबात एक रीत आहे. हिवाळ्याचा वर्ग एप्रिलमध्ये सगळ्या क्लबासमोर नाचतो. शेवटची अख्खी रेकॉर्ड चौकोन न मोडता उभा राहिला तर वर्ग पुरा. मोडला तर पुन्हा पुढच्या हिवाळ्यात. डेलमर त्यात कुणाचे ऐकत नाही. एके वर्षी त्याचा सख्खा मेहुणा वर्गात होता, त्यालाही त्याने परत बसवले.

त्या नाचाच्या संध्याकाळी हॉलवर डेलमर लव्हॉनला घेऊन माझ्याकडे आला. ती क्लबातली जुनी बाई, तीस वर्षे नाचतेय. "हिच्याबरोबर नाच," तो म्हणाला. "आठ झाले."

सगळ्यांना बरे वाटले, मलाही. पहिली रेकॉर्ड लागली आणि आम्ही एकदाही अडलो नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण अर्ध्यातच माझ्या लक्षात आले होते की लव्हॉनचा हात मला सांगतोय. जरासा दाब, जरासे ओढणे. आणि माझे पाय लगेच त्या हाताकडे गेले होते. हिवाळाभर शिकलेले सगळे बाजूला ठेवून.

मध्ये पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी तिला म्हटले, "लव्हॉन, हात नुसता धर. सांगू नकोस."

"अरे, सवय आहे मला. वर्गातल्यांना जरा आधार."

"मला नको."

"आणि चुकलास तर?"

"चुकेन."

"तुझ्या एकट्याचं नाही ना ते. सगळे पडतील." तिने ऑरिनकडे पाहिले. तो खुर्चीत बसून कानातले यंत्र बोटाने दाबत होता.

तिचे खरे होते. चुकलो तर ऑरिनला मी काय सांगणार होतो? मी वॅनिटाकडे गेलो आणि लव्हॉनच्या आधाराशिवाय नाचू का ते तिला विचारले. ऑरिनला विचारायला हवे होते, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारले असते तर सगळ्या हॉलने ऐकले असते.

वॅनिटा माझ्याकडे वळली. "तुला येतं?"

"येतं असं वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"येतं."

"मग नाच," ती म्हणाली. "आणि पडलास तर माझ्या अंगावर पड. ऑरिनचं हाड आता जुळत नाही."

शेवटची रेकॉर्ड लागली. लव्हॉनने शब्द पाळला. तिचा हात माझ्या हातात पावासारखा पडून होता. डेलमरने पुकारायला सुरुवात केली आणि तो श्वास कधी घेतो ते मी ऐकायला लागलो. मी कुठे जायचे याचा विचार केला नाही. ट्रेंट कुठे जाणार, मारिसोल कुठे येणार, ते बघितले आणि जी जागा उरली तिथे गेलो. टेबलावर कुप्या सरकाव्यात तसे सगळे सरकत होते.

मग ऑरिन थांबला. आम्ही चौघे एका ओळीत हात धरून उभे होतो आणि त्याचा हात माझ्या डाव्या हातात होता. पुढचा पुकार झाला आणि तो हलला नाही. त्याचा चेहरा कोरा झाला होता. कानातल्या यंत्राने बारीक शीळ घातली आणि ते बंद पडले. त्याला काही ऐकू येत नव्हते.

मी त्याचा हात दाबला. पलीकडे. तो गेला. मी माझ्या जागेवर वेळेवर पोचलो. पुढच्या चालीत हात सुटलेले होते तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी हनुवटीने दाखवले. तो वळला. कुणाच्या लक्षात आले नाही. वॅनिटाच्या आले, तिने ओठ घट्ट मिटले आणि माझ्यावरून नजर काढून घेतली.

आणि डेलमरने टीकप चेन पुकारली. मला वाटते, त्याने ती मुद्दाम शेवटी ठेवली होती.

ऑरिन त्याच्या जागेवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. या चालीत त्याचा हात नेहमी माझ्या उलटा, माझा डावा तेव्हा त्याचा उजवा. मी प्रत्येक वेळी माझ्या हाताआधी त्याचा हात डोळ्यांनी दाखवला, डावा, उजवा, डावा. माझ्याकडे वॅनिटा आली आणि गेली. मारिसोल आली आणि गेली. स्वोबोदांची बहीण गेली. मी शेवटचा दंड पुढे केला, तो सवयीने हवेत वळवायला निघालो होतो, आणि त्याला वजन लागले. लव्हॉन परत आली होती. मी तिला फिरवले आणि आम्ही आमच्या जागेवर उभे राहिलो. रेकॉर्ड संपली. चौकोन उभा होता.

सगळा हॉल ओरडत होता. ऑरिनला ते ऐकू आले नाही, पण दिसले. त्याने माझा खांदा धरला आणि ज्याला ऐकू येत नाही तो बोलतो तशा मोठ्या आवाजात म्हणाला, "बॅटरी गेली रे माझी!"

मी मान हलवली.

"तुझ्या तोंडाकडे बघून नाचलो! सोपं नव्हतं ते!"

वॅनिटाने आम्हा दोघांना एकदम मिठी मारली. ती रडत होती आणि ऑरिनला ओरडत होती की निघताना नवी बॅटरी घाल म्हणून मी तीनदा सांगितलं होतं.

नंतर डेलमरने पट्ट्या वाटल्या. नावाच्या बिल्ल्याखाली लटकवायची लहानशी पितळी पट्टी असते, तिच्यावर प्लस लिहिलेले. एकेकाला नावाने बोलावून दिली. मला दिली तेव्हा त्याच्या हातात अजून एक होती.

"मी सप्टेंबरमध्येच आठ मागवल्या होत्या," तो हळू आवाजात म्हणाला. "ही तुझ्याकडे ठेव."

मी ती हातात घेऊन बघितली. हलकी होती. मग त्याला परत दिली.

"तिनं वर्ग पुरा केला नाही," मी म्हटले. "तिला फुकटची आवडणार नाही. तुझ्या पेटीत ठेव. तिचा भाग कुणी नाचला की मग दे."

"कुणी म्हणजे?"

"मीच. उन्हाळ्यात तू शिकवायला मोकळा आहेस ना? माझ्या जागेवर लव्हॉन उभी राहिली की आठजण आहेत."

डेलमरने पट्टी रेकॉर्डच्या पेटीत ठेवली आणि झाकण लावले. मी कॉफीचे भांडे धुतले, कप पेटीत भरले, दिवे बंद केले आणि हॉलला कुलूप लावले. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

आता मे महिना लागलाय. घरी कोंबडा आणि कोंबडी दोघेही टेबलावर आहेत. पुरुषाच्या जागेवरून मला सगळ्या चाली येतात, बाईच्या जागेवरून एक सोडून सगळ्या. टीकप चेनमधला बाईचा भाग मला अजून येत नाही. तो शिकायचा राहिला आहे.